गार पडते पट्ट्यात, सरासरी निघते मंडळाची
पीक विम्यातून गारपिटीचा वैयक्तिक पंचनामा गेला. रब्बी ज्वारीची भरपाई आता फक्त पीक कापणी प्रयोगावर

सोलापूर : फेब्रुवारी उजाडला की जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा एक डोळा शिवारात आणि एक आभाळात असतो. ज्वारी काढणीला आलेली, हरभऱ्याचे घाटे वाळत आलेले, पंढरपूर-बार्शी भागात द्राक्षाची तोड सुरू, बेदाण्याच्या शेडवर माल पसरलेला. अशात दुपारी अंगाची लाही होते, ढग दाटतात, वारं सुटतं आणि दहा-पंधरा मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं.

यंदा या भीतीत आणखी एक भर पडली आहे. गार पडल्यावर विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं, मग माणूस येऊन पाहणी करणार, ही गेल्या काही वर्षांत अंगवळणी पडलेली पद्धत खरीप २०२५ पासून राज्यात बंद झाली. यंदाच्या रब्बीतही तीच गत आहे. अनेकांना हे अजून ठाऊकच नाही. गार पडल्यावर मोबाइलवर ॲप उघडतील, टोल फ्री नंबर लावतील, तेव्हा कळेल की ज्वारी, गहू, हरभऱ्यासाठी तो दरवाजाच आता राहिलेला नाही.

नेमकं काय बदललं?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मूळ संरक्षण उत्पन्नावर आधारित आहे. त्याला जोडून राज्यांना काही जादा संरक्षणं घेता येतात: पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान आणि स्थानिक नैसर्गिक आपत्ती. गारपीट या शेवटच्या प्रकारात बसते. त्यात भरपाई शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताची पाहणी करून ठरायची. शेजारच्या गावात काय झालं, याच्याशी तिचा संबंध नव्हता.

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा आला. अर्जांचा पाऊस पडला, त्यात बोगस अर्जही निघाले. सरकारी आणि पडीक जमिनीवरही विमा काढल्याच्या तक्रारी झाल्या. राज्याचा हप्त्यापोटीचा खर्च वाढत गेला. शेवटी २०२५ मध्ये सरकारने एक रुपयाची योजना गुंडाळली. आता शेतकऱ्याचा हिस्सा पूर्वीसारखा झाला: खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के. त्याच निर्णयात वरची चारही जादा संरक्षणं काढून टाकली. भरपाई एकाच गोष्टीवर ठरणार, ती म्हणजे पीक कापणी प्रयोग.

म्हणजे शेतकऱ्याने रुपयाऐवजी दीड टक्का भरायचा आणि बदल्यात गारपिटीचं संरक्षण सोडायचं. एक रुपया गेला याची चर्चा गावोगाव झाली. गारपीट बाद झाली याची तेवढी झाली नाही. गेल्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत शेतं वाहून गेली, तेव्हा पहिल्यांदा अनेकांना ही गोष्ट टोचली. पुरानंतर सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, मदतीची मर्यादा ३ हेक्टरपर्यंत नेली. पण पूर साऱ्या राज्याला दिसतो. दोन गावांवर पडलेल्या गारेसाठी पॅकेज निघत नाही.

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय?

हंगामाच्या आधी महसूल मंडळातली काही गावं आणि त्यातले गट नंबर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, निवडले जातात. काढणीच्या वेळी त्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात. त्यातलं पीक कापून, मळून, वजन करतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग व्हायला हवेत. त्यांची सरासरी म्हणजे मंडळाचं त्या वर्षीचं उत्पन्न.

हे उत्पन्न ‘उंबरठा उत्पन्ना’शी ताडून बघतात. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. यंदाची सरासरी त्या खाली गेली तर जेवढी तूट, तेवढ्या टक्के भरपाई. ती मंडळातल्या त्या पिकाच्या प्रत्येक विमाधारकाला सारख्याच दराने.

दुष्काळासाठी ही पद्धत वाईट नाही. पाऊस गेला तर साऱ्या मंडळाचा जातो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ओल नसेल तर या बांधावर आणि त्या बांधावर फारसा फरक नसतो. दहा ठिकाणचं माप साऱ्यांचं दुःख बऱ्यापैकी सांगतं. पंचनाम्यातली वशिलेबाजी, ॲप न चालणं, पाहणीला माणूस न येणं या कटकटीही टळतात. सरकारचा हा मुद्दा खोटा नाही.

पण गार दुष्काळासारखी पडत नाही.

गारेचा पट्टा आणि दहा प्रयोग

उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन तापते, वर थंड हवा असते, दमट वारं येऊन मिळतं आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटात गोठलेले थेंब वर-खाली होत मोठे होतात आणि पेलवेनात की खाली येतात. ढग सरकत असतो, म्हणून गार पट्ट्यात पडते. रुंदी कधी काहीशे मीटर, कधी काही किलोमीटर. गावाच्या अलीकडच्या शिवारात गारांचा थर आणि ओढ्यापलीकडं नुसते चार थेंब, हे सोलापूरकरांनी अनेकदा पाहिलंय.

आता हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते, पण रीत खरी आहे. समजा एका मंडळात ज्वारीच्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे. तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा ७ क्विंटल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३० हजार रुपये धरू. प्रयोग १०.

मंडळातल्या दोन गावांवर गार पडली, ज्वारी पार झोपली. दहापैकी दोन प्रयोग त्या गावात निघाले, दोन्हीत उत्पन्न शून्य. उरलेल्या आठांत १० क्विंटल. सरासरी ८. उंबरठा ७. भरपाई शून्य. ज्याचं सगळं गेलं त्यालाही शून्य.

तीन प्रयोग गारेत सापडले तर सरासरी बरोबर ७. तरीही शून्य.

चार प्रयोग सापडले तर सरासरी ६. तूट एका क्विंटलची, सातातला एक, म्हणजे सव्वाचौदा टक्के. हेक्टरी ४,२८६ रुपये. ज्याची ज्वारी मातीत गेली त्याला ४,२८६ आणि ज्याच्या रानात एकही गार पडली नाही त्यालाही ४,२८६.

थोडक्यात, मंडळाचा तिसऱ्या हिश्श्याइतका भाग पूर्ण झोपल्याशिवाय विम्याचा दरवाजा उघडत नाही. उघडला तरी फटीएवढाच. यात कुणी चोरी केली असं नाही, कुणी चुकीचं माप घेतलं असं नाही. सरासरी असंच काम करते. पट्ट्यात पडणारं नुकसान मंडळाच्या सरासरीत विरघळून जातं.

माप जे पकडत नाही

यात आणखी तीन गोष्टी आहेत, ज्यांकडं फारसं कुणी बघत नाही.

पहिली, कडबा. सोलापूरची रब्बी ज्वारी नुसती दाण्यासाठी पेरत नाहीत. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आजही जिल्ह्यात टिकून आहे. भाकरीची चव हे त्याचं एक कारण, उंच आणि जनावरांना गोड लागणारा कडबा हे दुसरं. ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत त्याला कडबा दाण्याइतकाच मोलाचा. गारेने ताटं मोडली, पाला फाटून चिंध्या झाल्या, वर पावसाने भिजून कडबा काळा पडला, तर तो तोटा कापणी प्रयोगाच्या काट्यावर येत नाही. काटा फक्त दाणा मोजतो.

दुसरी, प्रत. गारेबरोबर पाऊस आला की कणसातला दाणा काळवंडतो. वजन थोडंच घटतं, भाव मात्र पडतो. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या दाण्यावर विकली जाते. काळ्या दाण्याला तो भाव कोण देणार? प्रयोगाच्या वहीत मात्र तो दाणा पूर्ण वजनाने जमा होतो.

तिसरी, निवडलेलं शेत. समजा प्रयोगासाठी निवडलेल्या गटावरच गार पडली. शेतकरी बिचारा पडलेलं पीक गोळा करून रान मोकळं करतो, जनावरं सोडतो. कापणीला आलेल्या कर्मचाऱ्याला पीकच दिसत नाही. अशा वेळी त्या जागी दुसरं उभं शेत धरलं गेलं, तर सरासरीतून नेमका गारेचा शून्यच गळतो. म्हणून आपला गट प्रयोगासाठी निवडला आहे का, हे कृषी सहायकाकडं आधीच विचारून ठेवावं. निवडला असेल आणि गार पडली तर लेखी कळवावं आणि प्रयोग होईपर्यंत रान मोडू नये. हा एका शेतकऱ्याचा प्रश्न नाही, त्या एका चौकोनावर साऱ्या मंडळाचा हिशेब असतो.

द्राक्ष-डाळिंबाला दार आहे, ज्वारीला नाही

फळबागांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. तिच्यात पाऊस, तापमान, आर्द्रता यांची नोंद मंडळातल्या हवामान केंद्रावरून घेतात. हे यंत्र गार मोजत नाही. म्हणून आंबिया बहरात गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यायची सोय ठेवली आहे. ते घेतलेल्या शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचं आणि त्याच्या बागेची वैयक्तिक पाहणी होते.

म्हणजे गार मंडळाच्या यंत्रात किंवा सरासरीत पकडता येत नाही, हे सरकारला मान्य आहे. फळबागेसाठी मान्य आहे, ज्वारी-हरभऱ्यासाठी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने जादा हप्ता भरायची तयारी दाखवली तरी त्याला आज तशी सोय नाही.

मग त्याच्या हाती काय उरतं? आपत्ती मदत. त्यासाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे आणि पंचनामा झाला पाहिजे. केंद्राच्या निकषाप्रमाणे दर हेक्टरी असे: कोरडवाहू ८,५००, बागायत १७,०००, फळबाग २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत. कोरडवाहू ज्वारीला एकरी साडेतीन हजारांच्या आत. बियाणं, पेरणी, खुरपणी आणि काढणीची मजुरी धरली तर यात काय भागणार, हे कुणालाही कळतं. पण सध्या वैयक्तिक नुकसानीची दखल घेणारी वाट हीच एक आहे. त्यामुळं ई-पीक पाहणीत पिकाची नोंद असणं, गार पडल्याच्या दिवशीचे फोटो असणं आणि तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवकांकडून पंचनामा वेळेत करून घेणं, याला पर्याय नाही.

गारेनंतर रानात काय करायचं?

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या २८ जिल्ह्यांना गारपिटीने झोडपलं. सोलापूर त्यात होता. त्या तडाख्यानंतर बारामतीजवळच्या माळेगाव खुर्द इथल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरचं व्यवस्थापन यावर पुस्तिका काढली. गारपीट हा विषय नुसता मदतीचा नाही, शेतीशास्त्राचाही आहे, हे त्यातून पुढं आलं.

अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात गारपिटीचा विमा फार जुना आहे. तिथं प्रयोगाच्या रानात हाताने पानं कापून, ताटं मोडून बघतात: वाढीच्या कोणत्या टप्प्यावर किती पाला गेला तर उत्पन्न किती घटतं. त्यावरून तक्ते बनवले आहेत आणि पाहणी करणारा माणूस ते तक्ते घेऊन शेतात येतो. दुसरी गोष्ट, पीक पुन्हा फुटतं का हे कळायला तिथं सात ते दहा दिवस थांबतात. लहान मका पाच-सहा पानांवर असेपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो, वरचा पाला गेला तरी तो सावरतो. तुरा येण्याच्या वेळी पाला गेला तर मोठा फटका बसतो.

हाच विचार आपल्या पिकांना लावता येतो.

ज्वारी हुरड्यात किंवा त्यापुढं असेल तर नवा पाला फुटून कणीस भरेल ही आशा धरू नये. कणसं वेचून वाळवावीत, कडबा भिजलेला असेल तर उभ्या पेंढ्या करून वाळवल्याशिवाय गंजी लावू नये. लहान अवस्थेत मोडलेल्या ज्वारीला नवे फुटवे आले तर त्यावर जनावरं सोडू नयेत. कोवळ्या फुटव्यात विषारी घटक जास्त असतो, ‘किराळ’ लागून जनावर दगावतं. चाऱ्याच्या टंचाईत ही चूक हमखास होते.

वांगी, मिरची, टोमॅटो पुन्हा फुटतात. मोडलेल्या फांद्या काढाव्यात, साचलेलं पाणी बाहेर काढावं, जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून बुरशीनाशक आणि मग नव्या फुटीसाठी हलकी खतफवारणी, या क्रमाने जावं.

डाळिंबात घाई लागते. गारेच्या जखमा म्हणजे तेल्याला उघडी दारं. फुटलेली फळं आणि मोडक्या फांद्या गोळा करून बागेबाहेर नष्ट कराव्यात, खोडाच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी, बागेच्या अवस्थेनुसार अर्धा ते एक टक्का बोर्डोची फवारणी घ्यावी. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. दुकानदार सांगेल ते औषध मारण्याआधी तिथं विचारलेलं बरं.

द्राक्षात मार्चची गार चालू माल नेते. एप्रिल छाटणीनंतरची गार पुढच्या सालची काडी मोडते, कारण पुढचे घड त्याच काडीत तयार होत असतात. तो दोन वर्षांचा तोटा असतो. प्लास्टिक आच्छादनासाठी राज्याने प्रायोगिक तत्त्वावर अनुदान दिलं, पण अर्धं अनुदान धरूनही एकरी खर्च लाखांत जातो. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गारपीटरोधक जाळ्यांना ८० टक्क्यांपर्यंत अनुदान दिलं गेलं. गार फोडणाऱ्या तोफांचा प्रयोगही तिथं झाला, मात्र जागतिक हवामान संघटनेच्या मते अशा तोफांना शास्त्रीय आधार नाही. कुणी तसं काही विकायला आलं तर खिशाला हात घालू नये.

आणि एक सोपी गोष्ट. गारेनंतर महागडी टॉनिकं खपवणारे गावात येतात. फवारणी करायचीच तर दोन ओळी न फवारता सोडाव्यात. पंधरा दिवसांनी फरक डोळ्यांनी दिसेल. हा प्रयोग करायला कुठल्या केंद्राची परवानगी लागत नाही.

मागायचं काय?

१९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, ते या जिल्ह्याला पाऊस दगा देतो म्हणून. आज दगा देणारा एकटा दुष्काळ नाही. गारेच्या तडाख्यात कोणत्या टप्प्यावर मालदांडीचं किती नुकसान होतं, दाण्याचं किती, कडब्याचं किती, याचे तक्ते इथल्याच रानात प्रयोग करून बनवता येतील. विद्यापीठाची केंद्रं, कृषी विज्ञान केंद्रं आणि अनुभवी शेतकरी, सगळे जिल्ह्यात आहेत. असे तक्ते हाताशी असले तर पाहणीतली मनमानी कमी होईल. वैयक्तिक पाहणी बंद करण्यामागं मनमानीचीच तक्रार होती.

विम्याचं एकक मंडळाऐवजी गाव करा, ही मागणी जुनी आहे. त्याने फरक पडेल, पण जिल्ह्यात हजाराहून जास्त गावं, गावाला चार प्रयोग म्हणजे एका पिकाचे चार हजारांवर प्रयोग. माणसं कुठून आणणार? शिवाय गारेचा पट्टा अर्ध्याच गावावरून गेला तर पुन्हा तोच सरासरीचा घोळ. गारेला गाव हेही एकक मोठंच आहे. तिला शेत हेच एकक लागतं.

म्हणून मागणी साधी ठेवता येईल. फळबागेला आहे तशी गारपिटीची ऐच्छिक सोय रब्बी पिकांनाही द्या. ज्याला हवी तो जादा हप्ता भरेल. बोगस अर्ज रोखायला आता ई-पीक पाहणी आहे, शेतकरी ओळख क्रमांक आहे. बोगसगिरी थांबवायची साधनं वाढली असताना संरक्षणच काढून टाकणं, म्हणजे उंदीर झाले म्हणून कणगीच जाळण्यासारखं झालं.

पुढच्या हंगामाच्या विम्याच्या अटी ठरतील तेव्हा जिल्ह्यातले आमदार-खासदार याबद्दल काय बोलतात, हे ११ ही तालुक्यांनी बघायला हवं. दीड टक्का हप्ता भरताना शेतकऱ्यानेही एकच प्रश्न विचारावा: माझ्या रानात गार पडली आणि शेजारच्या गावात नाही पडली, तर मला काय मिळणार? आजच्या नियमात त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच आकड्यात आहे. शून्य.